वायरलेस हेडफोन आणि मेटल डिटेक्टर: खड्डा एक वीत चुकतोय, काय करू?

पऱ्हाटी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी. विषय जरा वेगळाच आहे, पण इथे शेतीवालेही आहेत आणि सर्किटवालेही, म्हणून धागा काढतोय.

मी चोपडा तालुक्यातला. कापूस आणि थोडी केळी. चार वर्षांपूर्वी मेव्हण्याने परदेशातून आणलेलं गॅरेटचं एस २५० मशीन माझ्या गळ्यात मारलं. तेव्हापासून गावात कुणाचं काही हरवलं की मला फोन. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, मातीखाली गेलेला पाइपलाइनचा लोखंडी वॉल, असं बरंच काढून दिलंय. (पीव्हीसी पाइप सापडत नाही हो, दर महिन्याला कुणीतरी विचारतं.)

गेल्या आठवड्यात वेचणीला येणाऱ्या मावशींची पोत आमच्या कपाशीत तुटली. काळे मणी बरेचसे मिळाले, सोन्याच्या दोन्ही वाट्या गायब. मावशी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वेचताना नजर जमिनीवरच.

मशीनचा स्पीकर चालू ठेवला की बांधावर गर्दी होते. "काय सापडनं रे भो? हंडा शे का?" म्हणून हेडफोन लावतो. पण वायर कपाशीच्या फांद्यांत अडकते. दोनदा पिन उपटली, आता जॅक ढिला झालाय. वैतागून ६५० रुपयांचा ब्लूटूथ ट्रान्समीटर मागवला, पोराचे इअरबड्स घेतले. आवाज एकदम स्वच्छ. पण जिथे आवाज येतो तिथे खणलं तर नुसती माती! डावीकडून उजवीकडे फिरवलं की एका जागी वाजतं, उजवीकडून डावीकडे फिरवलं की दुसऱ्याच जागी. एकाच सिग्नलसाठी दोन खड्डे केले, मध्ये जवळजवळ दीड फूट. मशीन बिघडलं का?

गिरणाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

हंडा सापडला तर आधी या धाग्यावर कळवणे. बाकी पास.

सर्किट_धुळे | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

पऱ्हाटीभाऊ, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या कानात येणारा आवाज शिळा आहे.

वायर म्हणजे पाटाचं पाणी. इकडून सोडलं की तिकडे निघालं. ब्लूटूथ म्हणजे टँकर. आधी आवाजाचे आकडे होणार, ते दाबून लहान करायचे, पुडके बांधायचे, रेडिओवरून पाठवायचे, पलीकडे इअरबड थोडा साठा करून ठेवणार (मध्येच तुटू नये म्हणून), मग उलगडून कानात. या सगळ्याला साध्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे एसबीसी पद्धतीत, साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणं ऐकताना काय फरक पडतो? काही नाही. फोनवर पिक्चर बघताना फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो, म्हणून तिथेही कळत नाही. पण तुमचा हात कोण थांबवणार?

हिशेब करा. कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) सेकंदाला एक मीटर फिरतेय. आवाज ०.२ सेकंद उशिरा आला, तर तोपर्यंत कॉइल २० सेंमी पुढे गेली. म्हणजे एक वीत. डावीकडून जाताना खूण उजवीकडे सरकते, उजवीकडून येताना डावीकडे. तुमचे दोन खड्डे दीड फुटावर आहेत ना? उद्या सकाळी दोघांच्या बरोबर मध्ये खणा.

केळीबाग_रावेर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काय समजावलंय! टँकरचं उदाहरण आमच्या गावात मार्चनंतर फारच चालेल.

आसोद्याची_लेक | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मला त्यातलं मिलिसेकंद वगैरे कळत नाही, पण एक विचारू का? दोन्ही कान बंद करून कपाशीत हिंडता तुम्ही? फुरसं अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतं, घोणस फूत्कारते. ती ताकीद असते. ती ऐकू यायला कान उघडा हवा. आणि केळीत तर बिबट्याची भीती वेगळीच. आमच्याकडे रात्रीची लाईट असली की पाणी भरायला दोघं जातात, आणि तुम्ही कानात बोळे घालून.

पऱ्हाटी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, खरंय. आमची आईही हेच म्हणते, फक्त जास्त मोठ्याने. उद्यापासून एकच इअरबड लावतो.

सर्किटभाऊ, सकाळी मध्ये खणून सांगतो.

पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

खणलं. बरोबर मधोमध. चार बोटं खाली.

फवारणीच्या बाटलीच्या तोंडावरचं चंदेरी सील निघालं.

गिरणाकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:३४

हाहाहा. सिद्धांत पास, विद्यार्थी नापास.

सर्किट_धुळे | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

जागा तर बरोबर निघाली! आणि ते सील आपल्या कामाचं आहे, फेकू नका. ॲल्युमिनियमची पातळ पत्री आणि सोन्याची लहान वस्तू, दोन्ही या मशीनच्या पडद्यावर जवळपास एकाच घरात दिसतात. म्हणून 'पत्री नको' म्हणून तो भाग बंद करून शोधू नका, सोनंही त्यातच बंद होईल. कपाशीत फवारण्या किती होतात ते तुम्हाला माहीत आहेच, तेवढी सीलं खणायची तयारी ठेवा. गोळ्यांची पाकिटंही तशीच वाजतात.

पोतीबद्दल अजून एक. बारीक साखळी असेल तर डिटेक्टरला ती नीट दिसत नाही, कारण प्रत्येक कडी त्याला सुटी, छोटीशी वस्तू वाटते. काळ्या मण्यांना तर धातूच नाही. वाट्या मात्र अखंड पत्र्याच्या असतात, त्या वाजतील. मावशींना विचारा, वाटी केवढी आहे? करंगळीच्या नखाएवढी असेल तर कॉइल जमिनीला घासतच न्यावी लागेल.

बँडमास्तर | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४५

मी लग्नात कीबोर्ड वाजवतो, मूळ शिरपूरचा. उशिराचा हा त्रास आमच्याकडे रोजचा. ब्लूटूथ स्पीकरवर कीबोर्ड जोडून बघा एकदा, बोट सा वर आणि आवाज अजून वाटेत.

आम्ही ब्लूटूथ वापरतच नाही. गिटारचे वायरलेस संच मिळतात, तेही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, पण ब्लूटूथ नव्हे. उशीर फार तर ५-६ मिलिसेकंद. वर त्यांची पिन जाडी असते, ६.३५ मिमीची, तुमच्या मशीनचा जॅकही तसलाच असेल. थेट बसेल. एक तुकडा मशीनला, दुसरा कमरेला, त्यातून हेडफोन.

सर्किट_धुळे | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मास्तर, कल्पना झकास, पण दोन अडचणी. गिटारच्या रिसिव्हरमधून निघणारा आवाज ॲम्प्लिफायरसाठी असतो, हेडफोनला तो दम पुरत नाही. मध्ये छोटा हेडफोन ॲम्प लागेल. दुसरं, डिटेक्टरचा हेडफोन आउटपुट गिटारच्या मानाने जोरदार असतो. ट्रान्समीटरमध्ये गेला की फाटतो, टीं टीं ऐवजी टर्र टर्र.

बँडमास्तर | १७ नोव्हेंबर, दुपारी २:२२

व्हॉल्यूम कमी करायचा की.

पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, दुपारी २:५०

मास्तर, माझ्या मशीनला व्हॉल्यूमचं बटणच नाही! म्हणून तर वायरवर व्हॉल्यूमचं चाक असलेला हेडफोन वापरत होतो.

वाटी मोठी नाही, मावशी म्हणाल्या हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी.

तापीची_वाळू | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

उशिराने का होईना, जरा इतिहास. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती अंगात नेमकी कुठे आहे ते सापडेना. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः एक यंत्र घेऊन गेला. विजेच्या वेटोळ्यांचं यंत्र, आणि धातू जवळ आला की आवाज कशात? टेलिफोनच्या रिसिव्हरमध्ये, कानाला लावून. म्हणजे डिटेक्टर जन्मला तोच कानाला हेडफोन लावून! वायरचा. गोळी काही सापडली नाही. पेशंटच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनीही घोळ घातला म्हणतात.

तेव्हा पऱ्हाटीभाऊ, आधी स्वतःच्या चपला तपासा. चपलेतल्या खिळ्यांनी मला एकदा अर्धा तास नाचवलंय.

आसोद्याची_लेक | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५२

आणि शोधायला बायका बरोबर असतील तर त्यांच्या जोडव्या आणि पैंजण! मावशींना चार पावलं लांब उभं करा.

पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:०५

ताई, अगदी! काल दहा मिनिटं 'सिग्नल आला, सिग्नल आला' करत होतो, तर ते मावशींच्या जोडवीचं निघालं. त्या एवढ्या हसल्या की पोत हरवल्यापासून पहिल्यांदाच.

सातपुडा७७ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

एक महत्त्वाचा मुद्दा सगळेच विसरलेत. तुमच्या मशीनला पिनपॉइंटचं बटण आहे. ते वापरता का? साध्या शोधात कॉइल हलती हवी, नाहीतर मशीन गप्प. पिनपॉइंट दाबून धरलं की कॉइल हळूहळू सरकवली तरी आवाज वाढत-कमी होत राहतो. सेकंदाला पाच सेंमीने सरकवा. ०.२ सेकंद उशीर म्हणजे एक सेंमीची चूक, खुरप्याच्या पात्यापेक्षाही कमी. साध्या ब्लूटूथवरही खड्डा बरोबर पडेल. नवीन काही विकत घ्यायची गरजच नाही.

पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५८

😶

चार वर्षं मशीन वापरतोय. त्या बटणाचा उपयोग आज कळला. मेव्हण्याने माहितीपुस्तिका दिली नव्हती, असं म्हणून वेळ मारून नेतो.

सर्किट_धुळे | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सातपुडाभाऊ, शंभर टक्के बरोबर, मीच सांगायला हवं होतं. पण पिनपॉइंटने काम अर्धंच होतं. आधी सिग्नल ओळखायचा असतो ना. जिथे खिळा आणि वाटी शेजारी-शेजारी पडलेत, तिथे दोन वेगळे टीं-टीं ऐकू यायला हवेत. कानात उशीर असला की हात एका जागी, पडद्यावरचा बाण दुसऱ्या जागी आणि आवाज तिसऱ्याच. मेंदू भांबावतो आणि माणूस वेग कमी करतो. दोन तासांनी डोकं दुखतं ते वेगळंच.

अजून एक गंमत. पऱ्हाटींचं मशीन धातू नसेल तेव्हा पूर्ण गप्प असतं, काही मशीन बारीक गुणगुणत राहतात. काही ट्रान्समीटर आणि इअरबड शांतता झाली की बॅटरी वाचवायला डुलकी घेतात आणि पहिला टीं गिळून टाकतात. हलका, खोलवरचा सिग्नल तर तेवढाच असतो! गुणगुणणाऱ्या मशीनला हा त्रास होत नाही.

केळीबाग_रावेर | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मग चांगलं काय घ्यावं ते सांगा ना सर्किटदादा. मीही विचार करतोय.

सर्किट_धुळे | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

तीन वाटा.

नवीन मशीनच घ्यायचं असेल तर ज्यात कंपनीचा स्वतःचा वायरलेस आहे असं घ्या. एक्सपी डीयसचा हेडफोन त्यांच्याच रेडिओवर चालतो. गॅरेटचं झी-लिंक, मायनलॅबचं वाय-स्ट्रीम, ही दोन्ही साधारण १७ मिलिसेकंदांची. म्हणजे पावणेदोन सेंमी. कानाला वायरच वाटते. झी-लिंकचा सुटा संच जुन्या मशीनलाही लावता येतो, पण किंमत बघून पऱ्हाटीभाऊ परत वायरच शिवतील.

दुसरी वाट, ॲप्टएक्स लो लेटन्सी, म्हणजे कमी उशिराची पद्धत. हेही ब्लूटूथच, पण ४० मिलिसेकंदांच्या आसपास. मायनलॅबने २०१८ साली आलेल्या इक्विनॉक्स ८०० बरोबर असलाच हेडफोन दिला होता. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्ही टोकांना ते असायला हवं. ट्रान्समीटर लो लेटन्सीचा आणि इअरबड साधे असतील तर दोघं गुपचूप एसबीसीवर येतात आणि तुम्हाला कुणी सांगतही नाही. बऱ्याच फोनच्या इअरबडमध्ये हे नसतं. डब्यावर नीट वाचा, नुसतं 'ॲप्टएक्स' लिहिलंय म्हणजे लो लेटन्सी नव्हे.

तिसरी वाट म्हणजे फुकटची: वायर शर्टाच्या आतून, पाठीमागून न्या आणि बाहीतून मशीनच्या दांड्याला रबराने बांधा. फांदीत अडकायला वायर बाहेर उरतच नाही. माझं मत विचाराल तर आधी हीच करा.

पऱ्हाटी | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

ट्रान्समीटरवर 'लो लेटन्सी' लिहिलंय की! म्हणजे इअरबड साधे म्हणून एसबीसी?

सर्किट_धुळे | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

तेच. घरच्या घरी मोजा. अंगणात नाणं ठेवा, बाजूला मीटरपट्टी. मोबाइलवर सेकंदाची टिकटिक लावून कॉइल सेकंदाला एक मीटर फिरवा. डावीकडून आवाज येतो तिथे एक काडी, उजवीकडून येतो तिथे दुसरी. दोन्हींतलं अंतर भागिले दोन, ही एका बाजूची चूक. आधी वायरवर मोजा, कारण मशीनलाही स्वतःचा थोडा उशीर असतो, तो वजा करायचा.

विधीज्ञ_जळगाव | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

विषय निघालाच आहे तर थोडं कायद्याचं. स्वतःच्या शेतात, हरवलेली, मालक माहीत असलेली वस्तू शोधणं वेगळं. पण जुनी नाणी, दागिने, हंडा असं काही जमिनीतून निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. हो, दहा रुपये, तोच जुना आकडा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही येतो.

आणि संरक्षित स्थळांच्या आसपास मशीन घेऊन हिंडू नका. आपल्याकडे अशा जागा थोड्या नाहीत. तापीकाठच्या प्रकाशाला १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर काढले. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. तिथे कॉइल फिरवून खड्डा केला तर नाणं मिळो न मिळो, थरांची माहिती कायमची जाते.

गिरणाकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:४१

म्हणजे हंडा सापडला तर या धाग्यावर नाही, कलेक्टर ऑफिसला कळवायचं. नोंद घेतली.

पऱ्हाटी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

मोजलं. पोराने काड्या रोवल्या, बापाने मशीन फिरवलं, शेजारी बघून गेले.

वायर: दोन काड्यांत ६ सेंमी.
ट्रान्समीटर आणि पोराचे इअरबड: ४४ सेंमी.

४४ मधून ६ गेले ३८, भागिले दोन १९ सेंमी. म्हणजे १९० मिलिसेकंद. सर्किटभाऊ, तुम्ही धुळ्यात बसून माझ्या शेतातलं गणित सांगितलं.

आता जळगावहून एक मित्र त्याचा लो लेटन्सीवाला हेडफोन देतोय आठवड्यासाठी. मोठा आहे, कान झाकणारा. आसोद्याच्या ताईंच्या धाकाने एका बाजूची गादी कानामागे सरकवून लावणार.

सातपुडा७७ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

तुमच्याकडे काळी भारी जमीन असेल. बेसॉल्टची माती, त्यात लोहखनिज भरपूर, ओली असली की मशीन जास्त कुरकुरतं. संवेदनशीलता एक-दोन काडी खाली आणा. खोली जरा कमी होईल पण खोटे आवाज थांबतील. मोटर चालू असेल किंवा वरून अकरा केव्हीची लाइन जात असेल तरी तडतड होते. तेव्हा हेडफोनला दोष देऊ नका. आणि ट्रान्समीटर वर, पेटीजवळच बांधा, खाली कॉइलकडे नको.

पऱ्हाटी | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

हेडफोन आला. काड्या परत रोवल्या: १४ सेंमी. १४ वजा ६, भागिले दोन, ४ सेंमी. ४० मिलिसेकंद. पुस्तकातल्यासारखं आलं, मलाच शंका आली म्हणून तीनदा मोजलं.

आज रविवार, सकाळी सात ते अकरा. मावशींनी ज्या तीन ओळी वेचल्या होत्या तेवढ्याच घेतल्या. हिशेब: चंदेरी सीलं ११, तारेचे तुकडे ४, गोळ्यांचं पाकीट १, दोन रुपयांचं नाणं १. आणि तिसऱ्या ओळीत, झाडाच्या बुडाजवळ, पालापाचोळ्याखाली जेमतेम बोटभर: एक वाटी.

पिनपॉइंट दाबलं, खुरपं टोचलं, तिथेच. मावशी बांधावर होत्या, त्यांना हाक मारली तर पळत आल्या. हातात घेऊन पदराने पुसली आणि बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आनि दुसरी?"

आसोद्याची_लेक | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

अगं बाई! एक तरी मिळाली. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

बँडमास्तर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

अभिनंदन! माझा गिटारचा संच मात्र वाया गेला.

केळीबाग_रावेर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

दुसरी कधी शोधताय?

पऱ्हाटी | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१०

खोडाभोवती कॉइल टेकतच नाही हो, फांद्या आडव्या येतात. पऱ्हाट्या उपटल्या की रान मोकळं होईल, तेव्हा. उपटताना ट्रॅक्टर घालायचा नाही, हातानेच उपटायच्या, असं ठरलंय. रोटाव्हेटर गेला तर वाटी कुठे जाईल काही सांगता येत नाही.

मित्राला हेडफोन उद्या परत द्यायचाय. तोवर वायर शर्टातून घेऊन बघतो. जॅक आज डाग देऊन घट्ट केला, चाळीस रुपये.